थिन प्रोव्हिजनिंग: सर्व्हरवर जागा रिकामी दिसते, पूल मात्र भरतो. तुम्ही मोजणी कशी ठेवता?

गिरणाकाठ (जळगाव), सोमवार, सकाळी ७:१०

मंडळी, राम राम.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी आमचा ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) अकरा तास बंद होता. एमआयडीसीतला मध्यम कारखाना आहे, तीन पाळ्या चालतात. बहिणी माहेरी आलेल्या, ताट वाढलेलं, आणि दीडच्या सुमारास पाळीवरच्या मुलाचा फोन आला, "साहेब, वजनकाट्याची पावती निघत नाही, स्क्रीन तशीच अडकून पडलीय." बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन. मी पोचलो तेव्हा गेटबाहेर नऊ गाड्या उभ्या होत्या आणि ड्रायव्हर लोक गाडीच्या सावलीत बसलेले होते.

सर्व्हर रूममध्ये एकही लाल दिवा नव्हता. डिस्क सगळ्या ठीक, कंट्रोलर ठीक, स्विच ठीक. एकाच यंत्रावर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या कन्सोलवर मात्र सात मशीन थांबलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकच प्रश्न होता: व्हर्च्युअल डिस्कसाठी जागा उरलेली नाही, जागा मोकळी करून 'रीट्राय' दाबा किंवा 'कॅन्सल' करा. एका फिजिकल लिनक्स सर्व्हरची फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झाली होती. अ‍ॅरेचं पान उघडलं (अ‍ॅरे म्हणजे सगळ्या सर्व्हरना जागा देणारी डिस्कची पेटी), तर पूल, म्हणजे तिची सामाईक जागा, १०० टक्के भरलेला.

आता मुद्द्याचं. त्याच अ‍ॅरेवर बॅकअप सर्व्हरचा ८ टीबीचा लन (सर्व्हरला डिस्क म्हणून दाखवलेला पूलचा भाग) आहे. विंडोज त्यात ६ टीबी रिकामे दाखवत होतं. मी घाईघाईत जुन्या बॅकअपच्या ६०० जीबी फायली उडवल्या. विंडोजमध्ये रिकामी जागा ६.६ झाली. पूलचा आकडा १०० वरून तसूभर हलला नाही. तिथे उभा राहून मी पाच मिनिटं नुसता त्या आकड्याकडे बघत होतो.

नवीन लोकांसाठी सांगतो. थिनमध्ये आपण सर्व्हरला ८ टीबी दाखवतो, पण खरी जागा देतो ती त्या ठिकाणी पहिल्यांदा काही लिहिलं जाईल तेव्हा. एकदा दिलेला ब्लॉक अ‍ॅरे आपणहून परत घेत नाही. फाइल उडवली की सर्व्हर आपल्या वहीत खाडाखोड करतो, अ‍ॅरेच्या वहीपर्यंत ती बातमी जातच नाही. ती पोचवणारी वेगळी आज्ञा असते, स्कझीची (सर्व्हर ज्या भाषेत डिस्कशी बोलतो ती) 'अनमॅप'. आमच्या बॅकअप सर्व्हरवर अजून विंडोज २००८ आर२ आहे, आणि त्याला अ‍ॅरेकडे अनमॅप पाठवता येत नाही. दर रविवारी नवा बॅकअप नव्या जागी लिहिला जायचा, जुना उडायचा. असं करत करत त्या लनच्या आठही टीबीवर कधी ना कधी लिहून झालं होतं. आत फायली १.४ टीबी, पूलच्या हिशेबात पूर्ण ८.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला हतनूर धरण पुरेसं आहे. तापी आणि पूर्णा, दोघींचा गाळ येऊन बसतो. भिंत तेवढीच, ४१ दरवाजे तेवढेच, पण गाळाने अडवलेल्या जागेत पाणी मावत नाही. आमच्या पूलमध्ये एकट्या त्या लनचा ६.६ टीबी गाळ होता.

शेवटी सुटका झाली ती अ‍ॅरेवरचे जुने स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या डेटाची जपून ठेवलेली स्थिती) काढून (२.९ टीबी) आणि एक टेस्टचा लन पूर्ण डिलीट करून (१.५ टीबी). ती जागासुद्धा लगेच मिळत नाही, अ‍ॅरे मागच्या मागे सावकाश सोडवत बसतो. रात्री साडेबाराला एकेका मशीनवर 'रीट्राय' दाबलं.

अलार्म होता. ९० टक्क्यांवर लावलेला होता आणि वाजलाही होता. मेल मात्र नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात होती.

माझा प्रश्न असा: तुमच्याकडे पूलवर लक्ष कोण ठेवतं, कशाने ठेवतं, आणि किती टक्क्यांना हाक मारायची हे कशावरून ठरवता?

---

दीपनगर_रात्रपाळी (भुसावळ), सोमवार, सकाळी ८:०२

भाऊ, वाचून पोटात गोळा आला. दोन प्रश्न. पूल खरा किती, आणि वाटलाय किती? दुसरं, बॅकअप त्याच पूलमध्ये का?

---

गिरणाकाठ, सोमवार, सकाळी ८:२०

खरा ४० टीबी, वाटलेला ९२. म्हणजे २.३ पट.

बॅकअपबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तो लन आधीच्या व्यवस्थेपासून चालत आलेला आहे. पूल गेला असता तर मूळ डेटा आणि बॅकअप एकदमच गेले असते. वेगळा एनएएस (नेटवर्कवरची स्वतंत्र स्टोरेज पेटी) घेण्याचा कागद आजच वर पाठवतोय.

---

रावेरचा_मळा (रावेर), सोमवार, सकाळी ११:४५

मी जुन्या वळणाचा माणूस आहे, स्पष्टच बोलतो. ४० असताना ९२ वाटायचेच कशाला? सरळ थिक द्यावं, सगळी जागा आधीच राखून. जेवढं आहे तेवढंच द्यायचं, मग रात्रीचे फोन येत नाहीत. मळ्यात पाइपलाइन टाकतानासुद्धा विहिरीचं पाणी बघून एकर ठरवतो आपण.

---

सातपुडा_ताई (शहादा), सोमवार, दुपारी १:३०

काका, तुमचं बोलणं पटतं, पण थिकमध्ये दुसऱ्या बाजूने नुकसान होतं. प्रत्येक विभाग "पाच वर्षांचं लागेल" म्हणून मागतो. त्यांनी मागितलं तेवढं थिक दिलं तर पहिल्याच वर्षी पूल संपतो आणि आतली बरीच जागा कोरी पडून राहते. डिस्क आज घ्याव्यात की दोन वर्षांनी, यात खर्चाचाही फरक पडतो. थिन द्यायला माझी ना नाही. थिन देऊन पूलकडे पाठ फिरवली की मग घात होतो.

मी एका कॉलेजात लिनक्स सांभाळते, मोठा अ‍ॅरे नाही, एलव्हीएमचे (लिनक्समधली डिस्कची जागा वाटायची सोय) थिन पूल आहेत. त्यातल्या तीन गोष्टी सांगते, कारण माझ्याही अंगावर एकदा आलं होतं.

एक, एलव्हीएममध्ये पूल आपोआप वाढवायची सोय आहे, पण मूळ सेटिंगमध्ये 'थिन पूल ऑटोएक्स्टेंड थ्रेशोल्ड' १०० असतो, आणि १०० चा अर्थ "वाढवू नकोस". अनेकांना वाटतं की सोय चालू आहे. तो ७० किंवा ८० करायला लागतो, आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पूल ज्या डिस्कच्या गटातून जागा घेतो त्यात) वाढवण्याइतकी जागा मोकळी ठेवावी लागते. तीच नसेल तर सेटिंगचा उपयोग काय?

दोन, पूल भरला की लिहिणं लगेच फेल होत नाही. मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद वाट बघतं आणि मग एरर देतं. त्या एका मिनिटात सगळं नुसतं 'स्लो' वाटतं, आणि आपण नेटवर्क तपासत बसतो.

तीन, आणि हे सगळ्यात जिव्हारी लागणारं. थिन पूलला दोन पोटं असतात, एक डेटाचं आणि एक मेटाडेटाचं. कुठला ब्लॉक कोणाचा ही नोंद मेटाडेटात असते. स्नॅपशॉट खूप झाले की डेटा ५० टक्क्यांवर असतानासुद्धा मेटाडेटा भरू शकतो. डेटा भरला तर डिस्क जोडून निभावतं. मेटाडेटा भरला तर पूल ऑफलाइन घेऊन दुरुस्ती करायची वेळ येते. माझ्याकडे त्या दिवशी परीक्षेचे अर्ज भरणं चालू होतं. तेव्हापासून 'एलव्हीएस' या आज्ञेतले दोन्ही टक्के, डेटा आणि मेटा, शेजारी शेजारी बघते.

---

पांझराकाठ (धुळे), सोमवार, रात्री ९:५५

तुमनं दुखनं माले समजनं भाऊ. मी धुळ्याचा, पण काम पुण्यातल्या अ‍ॅरेंवर, घरूनच. गाळाची उपमा एकदम चपखल. तीच पुढे नेतो.

अनमॅप ही आज्ञा वरून खालपर्यंत प्रत्येक थराने पुढे ढकलावी लागते. मधला एक थर जरी गप्प बसला तरी निरोप तिथेच अडकतो. वरून सुरुवात करा.

विंडोज सर्व्हर २०१२ पासून फाइल उडवली की अनमॅप आपोआप जातं, आणि 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'चं काम ठरल्या वेळी राहिलेलं साफ करतं. कोणी "थिन डिस्कला डीफ्रॅगची गरज नाही" म्हणून ते शेड्यूलच बंद केलं असेल तर साफसफाईही गेली. (पारंपरिक डीफ्रॅग थिनवर चालवू नकाच. ते ब्लॉक इकडून तिकडे हलवतं, प्रत्येक नवी जागा पूलमधून घेतली जाते.)

लिनक्समध्ये 'एफएसट्रिम'चा (रिकामे ब्लॉक खाली कळवणारी आज्ञा) साप्ताहिक टायमर चालू आहे का ते बघा. आणि 'एलएसबीएलके'ला मोठ्या डी चा पर्याय देऊन चालवा. ज्या थरासमोर शून्य दिसेल त्याच्या खाली निरोप जात नाही. लक्सने एन्क्रिप्ट केलेली डिस्क असेल तर तो थर मुद्दाम सांगितल्याशिवाय डिसकार्ड (अनमॅपचंच लिनक्समधलं नाव) पुढे पाठवत नाही. त्यामागे सुरक्षेचं कारण आहे: कुठले ब्लॉक रिकामे हे बाहेरून दिसू लागतं.

मग व्हीएमवेअर. याचा इतिहास माहीत असलेला बरा, कारण जुनी डेटास्टोअर (आभासी मशीनच्या फायली ठेवायची जागा) अजून खूप ठिकाणी आहेत. २०११ मध्ये व्हीस्फिअर ५.० बरोबर आपोआप अनमॅप आलं, पण अ‍ॅरेंवर त्याचा इतका भार पडायला लागला की ते बंद करावं लागलं. त्यानंतर कितीतरी वर्षं हाताने आज्ञा देऊनच चालवायचं. २०१६ च्या शेवटी ६.५ आलं, त्यात व्हीएमएफएस-६ (डेटास्टोअरच्या फाइल सिस्टिमची सहावी आवृत्ती) वर ते मागच्या मागे आपोआप व्हायला लागलं. ग्यानबाची मेख अशी की व्हीएमएफएस-५ चं व्हीएमएफएस-६ जागच्या जागी होत नाही. नवीन डेटास्टोअर करून मशीन हलवाव्या लागतात. होस्ट (मशीन चालवणारे खरे सर्व्हर) नवे, आवृत्ती नवी, आणि खाली डेटास्टोअर ५ च, असं मी अनेकदा पाहिलंय. गिरणाकाठ, आज रात्रीच बघून घ्या.

आणि एक धोक्याची सूचना. जागा सोडवण्यासाठी "रिकाम्या जागेत शून्य लिहा" असा सल्ला जुन्या लेखांत सापडतो. अ‍ॅरेला शून्य ओळखून सोडून देता येत असेल तर ठीक. येत नसेल तर ते शून्यसुद्धा खरी जागा खातात. ९५ टक्क्यांवरच्या पूलवर कोणी हे चालवलं तर तो स्वतःच्या हाताने १०० वर नेईल.

तुमच्या २००८ आर२ ला एकच उपाय: नवीन लन द्या, १.४ टीबी कॉपी करा, नीट तपासा, जुना लन डिलीट करा. मात्र तेवढी जागा पूलमध्ये आधी असायला हवी.

---

गिरणाकाठ, मंगळवार, पहाटे ५:४०

पांझराकाठ भाऊ, पाहिलं. पाचपैकी तीन डेटास्टोअर व्हीएमएफएस-५. होस्ट सगळे नवीन.

एक गोष्ट त्या दिवशी कळत नव्हती, ती आता लक्षात आली. पूल १०० टक्के असताना बॅकअप सर्व्हर मात्र व्यवस्थित चालत होता, म्हणूनच तर मला फायली उडवता आल्या. त्याच्या सगळ्या ब्लॉकना जागा आधीच मिळालेली होती. जुन्या जागेवर पुन्हा लिहायला नवीन काही मागावं लागत नाही. ज्याने सगळ्यात जास्त गाळ केला त्याला झळ लागली नाही, आणि काटकसरीने राहणारा ईआरपी नवीन ब्लॉक मागायला गेला तो अडकला. "एक सर्व्हर चालतोय म्हणजे स्टोरेज ठीक आहे" असं मी पहिली वीस मिनिटं धरून चाललो होतो.

---

दीपनगर_रात्रपाळी, मंगळवार, सकाळी ६:३०

आता तुमच्या मूळ प्रश्नावर, किती टक्के. आमच्याकडे वरिष्ठांनी शिकवलेलं असं: टक्के विचारू नका, दिवस विचारा. धरणात ३० टक्के उपयुक्त साठा आहे यावरून शेतकऱ्याला काही कळत नाही. त्यातून किती आवर्तनं सुटतील हे कळलं की तो पेरणी ठरवतो.

पूलचं तेच. रोज किती वाढतो, आणि नवीन डिस्क मागितल्यापासून रॅकमध्ये बसेपर्यंत किती दिवस जातात, हे दोन आकडे हातात नसतील तर ८० काय आणि ९० काय, सगळी अंदाजपंचे.

---

गिरणाकाठ, मंगळवार, रात्री १०:१५

हेच हवं होतं. आज बसून हिशेब मांडला, सगळ्यांसमोर ठेवतो. चुकत असेल तर सांगा.

बॅकअपचा नवा लन झाला, जुना गेला. स्नॅपशॉट, टेस्ट लन आणि हा गाळ मिळून पूल ४० वरून २९ टीबीवर आला. रोजची खरी वाढ सरासरी ९० जीबी.

खरेदीचं असं आहे. मी मागणी टाकायची, तीन दरपत्रकं, मालकांची सही, पुरवठादार मुंबईचा, माल कुरिअरने जळगावला, मग इंजिनिअर येऊन बसवणार. मागच्या दोन खरेद्यांच्या तारखा काढल्या, दोन्ही वेळा साठ दिवसांच्या आसपास गेले.

साठ दिवस गुणिले ९० जीबी म्हणजे ५४०० जीबी, सुमारे ५.३ टीबी. शिवाय १० टक्के, म्हणजे ४ टीबी, अजिबात हात लावायचा नाही असा राखीव. ४० मधून दोन्ही वजा केले तर ३०.७ टीबी, म्हणजे ७७ टक्के. आमची मागणी ७७ टक्क्यांना गेली पाहिजे.

आणि अलार्म होता ९० वर. ९० ला उरतात ४ टीबी. ९० जीबीने ते ४५ दिवसांत संपतात. म्हणजे मेल योग्य माणसाला गेली असती, त्याने त्याच दिवशी मागणी टाकली असती, तरी डिस्क यायच्या पंधरा दिवस आधी आम्ही बंद पडलो असतो. हा आकडा पाहिल्यावर त्या गेलेल्या पोरावरचा माझा राग उतरला.

---

सातपुडा_ताई, बुधवार, सकाळी ९:०५

हिशेब बरोबर आहे दादा. फक्त टीबी कुठला ते एकदा बघा. दरपत्रकातला टीबी दहाच्या पटीतला असतो, बरेच अ‍ॅरे दोनच्या पटीतला दाखवतात. १०० टीबी घेतले की स्क्रीनवर ९१ च्या आसपास दिसतात, रेड आणि स्पेअर (डिस्क बिघडली तर म्हणून राखलेली जागा) वजा व्हायच्या आधीच. नवीन मागणी टाकताना हा फरक धरा, नाहीतर पहिल्या दिवसापासून कमी पडेल.

---

पांझराकाठ, बुधवार, रात्री ८:४०

दिवस मोजायला आयती साधनं आहेत. झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टाइमलेफ्ट' फंक्शन आहे, ते सध्याच्या चालीने मर्यादेला पोचायला किती वेळ उरला ते देतं. तसंच प्रोमिथियसमध्ये 'प्रेडिक्ट लिनिअर'. पण आकडा अ‍ॅरेच्या पूलचा घ्या, एसएनएमपीने किंवा अ‍ॅरेच्या एपीआयमधून. सर्व्हरवरचे एजंट फाइल सिस्टिम मोजतात, आणि या धाग्याची सुरुवातच त्या खोट्या समाधानाने झाली आहे.

सरळ रेषेचा अंदाज रोजच्या वाढीला चालतो, एकदम आलेल्या पुराला नाही. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणाऱ्या रॅन्समवेअरचं उदाहरण घ्या. ते प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट करून पुन्हा लिहितं. जुने ब्लॉक स्नॅपशॉटने धरून ठेवलेले, नवीन ब्लॉकना नवीन जागा, आणि एन्क्रिप्ट झालेला डेटा ना कॉम्प्रेस होतो ना डीडुप (एकसारखे ब्लॉक एकदाच ठेवणं). पूल काही तासांत फुगतो. ज्या स्नॅपशॉटवरून आपल्याला परत यायचंय तेच जागेसाठी आपोआप उडवायची सेटिंग लावलेली असेल तर हातातलं औषधही गेलं. म्हणून मी दोन अलार्म ठेवतो: एक उरलेल्या दिवसांचा आणि एक चोवीस तासांतल्या वाढीचा. तुमच्या ९० जीबीच्या सवयीत एका दिवसात ५०० वाढले तर टक्के कितीही असोत, फोन वाजला पाहिजे.

शिवाय पूल ठरलेल्या पातळीला पोचला की होस्टला तसं कळवायची सोय स्कझीतच आहे, 'सॉफ्ट थ्रेशोल्ड रीच्ड' म्हणून. अ‍ॅरेवर ती चालू करा. म्हणजे स्टोरेजचं पान कोणी उघडलं नाही तरी व्हीएमवेअर बघणाऱ्याला दिसतं.

---

रावेरचा_मळा, गुरुवार, सकाळी ७:००

सगळं वाचलं. ताई, माझं मत थोडं बदललं. पण ईआरपीच्या डेटाबेसचा लन तरी थिक ठेवा, बाकी कितीही थिन करा. घरात पाणी कमी असलं तरी पिण्याचा माठ वेगळा भरून ठेवतात.

---

सातपुडा_ताई, गुरुवार, सकाळी ७:२५

हे मात्र मी लिहून घेतलं काका. मान्य.

---

गिरणाकाठ, दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१०

कुठवर आलो ते कळवतो.

ईआरपीचा डेटाबेस थिकवर गेला, रावेरच्या काकांचं ऐकून. त्याची पूर्ण जागा राखल्यामुळे पूल ३०.२ दाखवतो, म्हणजे मागणीच्या रेषेला जवळपास टेकलोच. मग वाट न बघता मागणी टाकली. सोबत तो हिशेब एका पानावर जोडला, "७७ टक्के" न लिहिता "आज मागवलं तरच वेळेत येईल" असं लिहून आणि तारीख घालून. मालकांनी दुसऱ्या दिवशी सही केली. याआधी टक्क्यांचे तक्ते दिले होते ते महिनाभर टेबलावर पडून राहायचे.

तीनपैकी दोन व्हीएमएफएस-५ डेटास्टोअर रिकामी करून नव्याने केली. हलवताना एक पथ्य पाळलं: एका वेळी एकच मशीन, आणि जुना लन डिलीट होऊन जागा खरोखर परत आलेली दिसेपर्यंत दुसरी नाही, कारण हलवाहलवीत काही काळ दोन्हीकडे जागा लागते. तिसऱ्यावर सीसीटीव्हीचा सर्व्हर आहे, तो पुढच्या रविवारी.

अलार्म आता तीन जणांना जातो आणि फोनवर एसएमएस येतो. पत्ता माणसाच्या नावाचा न ठेवता पदाचा केला. महिन्याच्या एक तारखेला मी मुद्दाम खोटा अलार्म सोडणार आहे, तिघांनाही पोचतो का ते बघायला.

पाळीवरच्या त्या मुलाला पूलचं पान कसं वाचायचं ते शिकवलं. तो आता रोज रात्री आठला वहीत तीन आकडे लिहितो: वापरलेले टीबी, कालपासूनची वाढ, उरलेले दिवस. काल त्याचा स्वतःहून फोन आला, "साहेब, आज वाढ १४० आहे, रोजच्यापेक्षा जास्त, बघा ना." बघितलं तर हिशेब विभागाने जुन्या वर्षाचा डेटा टेस्टसाठी कॉपी केलेला होता. त्यांना सांगून काढला, आणि सोमवारी सकाळी ट्रिम झाल्यावर आकडा खाली येतो का ते तो मुलगा बघणार आहे.